शाखा निवडण्याआधी व्याजाचे गणित शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की विज्ञान, वाणिज्य, डिप्लोमा की आयटीआय हा प्रश्न बडोद्यातली बहुतेक कुटुंबे काही दिवसांत निकालात काढतात. घरात त्या वेळी बोलणे होते ते मुख्यतः टक्क्यांचे आणि शेजारच्या मुलाने काय घेतले याचे. अभ्यासक्रमाला किती वर्षे आणि एकंदर किती पैसा लागेल, तो कोठून उभा करायचा आणि शेवटी कोणते काम मिळू शकेल, हे प्रश्न एकत्र मांडायला शाळेने शिकवलेले नसते. करिअर मार्गदर्शनाचे एक व्याख्यान आणि बचतीचे दुसरे, ही प्रचलित पद्धत मला म्हणूनच अपुरी वाटते. शाखेची निवड हाच पुष्कळांच्या आयुष्यातला पहिला मोठा आर्थिक निर्णय असतो.

यासाठी नवा विषय आणि नवी परीक्षा मात्र नको, नाहीतर त्याचीही शिकवणी सुरू होईल. चक्रवाढ व्याज आठवीच्या गणितात आहेच. ते फक्त व्यवहारात उतरत नाही. तीन वर्षांसाठी एक लाख रुपये ‘फ्लॅट’ दहा टक्क्यांनी घेतले तर तीस हजार व्याज आणि महिना सुमारे ३,६११ रुपये हप्ता होतो. मुद्दल दरमहा फिटत असूनही व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर आकारले जात असल्यामुळे घटत्या मुद्दलावर मोजल्यास हा दर जवळपास अठरा टक्के पडतो. नववीचा विद्यार्थी हे कोष्टक वहीत मांडू शकतो. शैक्षणिक कर्जाचेही तसेच आहे. पाच लाख रुपये दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे ६,६०० रुपये आणि एकूण परतफेड आठ लाखांच्या आसपास जाते. शिक्षण चालू असताना साठत जाणारे व्याज यात धरलेलेच नाही. पहिल्या पगारातून हा हप्ता झेपेल का, हे महाविद्यालय निवडण्यापूर्वी तपासायला हवे.

शाळांतून शेअर बाजाराच्या लुटुपुटीच्या स्पर्धा भरवण्याला माझा विरोध आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर बांधलेल्या करारांत, व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाल्याचे सेबी या बाजाराच्या नियामक संस्थेच्याच अभ्यासात दिसले आहे. मुलांना आधी कर्ज, विमा आणि बँकेचे पासबुक कळू द्यावे.

दहावीनंतर तीन वर्षांचा अभियांत्रिकी डिप्लोमा करून पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. या मार्गाला इथे ‘डी टू डी’ (डिप्लोमा टू डिग्री) म्हणतात, आणि मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना तो चांगला ठाऊक असतो. आपल्या नोकरदार मराठी घरांत मात्र डिप्लोमा म्हणजे विज्ञान शाखा न मिळालेल्याची सोय, असाच समज अजून आढळतो. १८९० साली सयाजीरावांचे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था जिथे निघाली त्या शहरात हे व्हावे, याचे आश्चर्य वाटते. (बडोद्याहून लिहिलेल्या पत्रात सयाजीरावांची आठवण निघायचीच!) तरसाळीच्या आयटीआयमधले निदेशक, एखादी परिचारिका, एखादा लेखापाल यांना वर्गात बोलावून कामाचे तास, सुरुवातीचा पगार आणि पुढची वाट यांविषयी मुलांना मोकळेपणी विचारू द्यावे. प्रेरणादायी भाषणांपेक्षा अशा प्रश्नोत्तरांतून मुलांच्या हाती अधिक लागेल.

नववीच्या दुसऱ्या सत्रात गणिताच्या तासांपैकी आठ-दहा तास यासाठी राखून ठेवावेत आणि त्यांतला एक शनिवारी, पालकांसह घ्यावा. मुले गुजराती वा इंग्रजी माध्यमात शिकत असली तरी जिथे मराठी पालक पुरेसे असतील तिथे ही सभा मराठीत घ्यावी, कारण शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून सही बहुधा आई-वडिलांनाच करावी लागते. शहरातल्या मराठी संस्थांनी त्यासाठी सभागृह आणि निवृत्त बँक कर्मचारी मिळवून दिले, तर शाळांवर खर्चाचा भार पडणार नाही.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदा