वस्तीतील परिचारिकेचा गौरव वस्तीच्या शिफारशीने व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, रुग्णालयांतील परिचारिकांचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. मात्र खांद्याला लसींची पेटी लावून वस्तीत फिरणाऱ्या नागरी आरोग्य केंद्रातील परिचारिकेकडे त्या दिवशीही फारसे कोणाचे लक्ष जात नाही. रुग्णालयातून बरा होऊन आलेला माणूस सिस्टरांची आठवण काढतो. ज्या घरातील बाळाला गोवर झालाच नाही, त्या घराला आठवण काढण्याचे कारणच पडत नाही. म्हणूनच या कामाची दखल कोणीतरी जाणीवपूर्वक घ्यायला हवी.

दिघ्याच्या डोंगरउतारावरील आमच्या वस्तीत येणाऱ्या सिस्टरांचे काम मी जवळून पाहिले आहे. समाजमंदिरातील लसीकरणाचे सत्र आटोपत आले असताना बांधकामावर मजुरी करणारी एक बाई दहा महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. एका बाळासाठी अख्खी बाटली फोडायची का, असे सोबतच्या मदतनीस ताईंनी विचारले. सिस्टरांनी बाटली फोडली, द्रावण मिसळल्यावर गोवर-रुबेलाची लस चार तासांनंतर वापरायची नसते म्हणून तिच्यावर वेळ लिहिली, लस टोचली, आणि कोणती लस दिली, ताप आला तर काय करायचे, पुढची मात्रा केव्हा, हे त्या बाईला समजेल अशा साध्या शब्दांत सांगून तिला अर्धा तास तिथेच बसवून ठेवले. साइटचे काम संपल्यावर कुठे जाणार, हेही विचारून वहीत टिपून घेतले. मला त्या वहीचे फार मोल वाटते, कारण नाक्यावरच्या मजुरांची कुटुंबे सतत जागा बदलतात आणि वयाच्या सोळा महिन्यांनंतरची दुसरी मात्रा नेमकी त्यांच्याच मुलांची चुकते. २०२२च्या अखेरीस मुंबई महानगर परिसरात गोवराची साथ आली, तेव्हा अशा सुटलेल्या मुलांना केवढा धोका असतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

याच सिस्टर क्षयरुग्णांच्या घरीही जातात. किमान सहा महिने चालणारे उपचार बरे वाटू लागताच सोडून देण्याकडे अनेकांचा कल असतो. औषधांची चौकशी त्या दारात उभ्या राहून करत नाहीत. आत जाऊन, शेजाऱ्यांच्या कानावर पडणार नाही इतक्या हळू आवाजात बोलतात. हा समंजसपणा कोणत्याही मासिक अहवालाच्या रकान्यात बसत नाही.

केंद्र सरकारने १९७३ साली सुरू केलेला राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो आणि त्यात एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) व एलएचव्ही (त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या आरोग्य पर्यवेक्षिका) यांचाही समावेश आहे. परंतु देशभरातून मोजक्याच जणींना मिळणारा हा सन्मान प्रत्येक वस्तीपर्यंत पोहोचणे शक्य नाही. यासाठी नवी मुंबई महापालिकेने प्रत्येक नागरी आरोग्य केंद्राच्या हद्दीतील रहिवाशांकडून लेखी शिफारशी मागवाव्यात, अशी माझी विनंती आहे. कायम आणि कंत्राटी असा भेद त्यात नसावा. केवळ किती लसी टोचल्या हा आकडा न पाहता, लसीकरण अर्धवट राहिलेल्या किती बालकांना शोधून त्यांच्या मात्रा पूर्ण केल्या, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नोंदवहीवरून तपासावे. गौरवासाठी परिचारिकेला स्वतःचाच प्रस्ताव कागदपत्रांसह भरावा लागू नये. दिवसभर वस्ती पालथी घालून संध्याकाळी नोंदी पूर्ण करणाऱ्या व्यक्तीवर आणखी एका फाइलचा भार टाकणे अन्यायाचे होईल. सन्मानाचा कार्यक्रमही शक्यतो तिच्याच कार्यक्षेत्रात व्हावा, म्हणजे रोजंदारी बुडवून दूर न जाता तेथील आयांनाही त्याला येता येईल.

आमच्या सिस्टरांचे नाव त्यांच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करणे मला योग्य वाटत नाही. महापालिकेने अशा शिफारशी मागवल्यास आम्ही रहिवासी त्यांच्याविषयी सह्यांनिशी लिहून देण्यास तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक वाचक, दिघा, नवी मुंबई