मुलाखतीपूर्वी मुक्तास पत्र

सोलापूर,
दि. १९ जानेवारी २०२६

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पुण्याच्या मुलाखतीसाठी तू जर्मनीहून पाठवलेला बायोडाटा मी दोनदा वाचला. एकदा तुझी आई म्हणून, आणि एकदा गेली एकवीस वर्षे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आलेले अर्ज उघडून पाहणारी बाई म्हणून. पहिल्या वाचनात डोळे भरून आले, हे एकदाचे सांगून टाकते, म्हणजे पुढचे लिहायला मी मोकळी. दुसऱ्या वाचनात मात्र तो अर्ज मी 'नंतर पाहू' च्या गठ्ठ्यात ठेवला असता. तो गठ्ठा नंतर कोणी पाहत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. फोनवर सांगू लागले की तू मध्येच 'हो गं आई' म्हणून विषय मिटवतेस, म्हणून लिहीत आहे.

पहिल्याच परिच्छेदात तू लिहिले आहेस की, तुला बहुसांस्कृतिक वातावरणात काम करण्याचा अनुभव आहे, तुझा दृष्टिकोन जागतिक झाला आहे आणि कोणत्याही परिस्थितीशी तू जुळवून घेऊ शकतेस. परदेशी शिकून आलेल्या मुलांच्या अर्जांत ही तीन वाक्ये मी इतक्या वेळा वाचली आहेत की आता डोळा त्यांच्यावरून आपोआप घसरतो. त्यातही बहुसांस्कृतिक वातावरणाचे कौतुक सोलापूरच्या मुलीने सांगावे, याचे मला थोडे हसूच आले. आमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, तेलुगूतून ओरडतो, सुताला खळ लावणारे सायझिंगवाले अण्णा कन्नडमधून उत्तर देतात, पॅकिंगच्या बायका दखनी हिंदीत त्या दोघांची चेष्टा करतात आणि त्याची नोंद मी मराठीत लिहिते. ते वातावरण तू शाळेच्या सुट्टीत सुताच्या कांड्या मोजायला येत होतीस तेव्हापासून पाहिले आहेस. त्यासाठी विमानात बसण्याची गरज नव्हती. जर्मनीत तू असे काय केलेस, जे इथे राहून तुला करता आले नसते, हे समोरच्याला जाणून घ्यायचे असते, आणि नेमके तेच तुझ्या दोन पानांत कुठे नाही.

टॉवेलचे वजन आम्ही कसे काढतो ते आठव. अख्खा टॉवेल तोलत बसत नाही. गोल कटर कापडावर ठेवून फिरवायचा, शंभर चौरस सेंटीमीटरची चकती सुटते, ती तराजूवर ठेवायची आणि आलेल्या ग्रॅमला शंभराने गुणायचे, जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन, निघाला. बायरचा माणूस आला की तोही हेच करतो, आमच्या लेबलावरचा आकडा तो वाचतसुद्धा नाही. तुझ्या दोन वर्षांची अशी एक चकती मला हवी आहे, आणि ती तुझ्याकडे आहे हे मला पक्के माहीत आहे, कारण ती घडली त्या रात्री तू मला रडत फोन केला होतास.

चाळीस नमुन्यांची ती गोष्ट म्हणते मी. चाचणीपूर्वी सुती नमुने वीस अंश तापमानाच्या आणि पासष्ट टक्के आर्द्रतेच्या खोलीत पुरेसा वेळ ठेवावे लागतात, कारण सुताची ताकद ओलाव्याप्रमाणे बदलते. त्या दिवशी प्रयोगशाळा बंद व्हायची वेळ झाली होती, म्हणून तू भट्टीत वाळवलेले नमुने तसेच मशीनवर चढवलेस. आकडे कमी आले. दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात येण्याआधी तूच सरांकडे जाऊन चूक सांगितलीस, चाळीसच्या चाळीस नमुने पुन्हा कापलेस, आणि नमुना किती वाजता खोलीत ठेवला व किती वाजता बाहेर काढला हे लिहिण्याचा तक्ता करून दारावर लावलास. तो तक्ता तुझ्यानंतर आलेली मुलेही भरत होती, असे तूच मागे म्हणाली होतीस. या सगळ्याचे तुझ्या बायोडाटात झालेले रूपांतर असे: 'वस्त्रचाचणी प्रयोगशाळेत विद्यार्थी सहायक.' चार शब्द!

चूक कशी सांगायची, असे तुला वाटत असेल. माझ्या समोर बसलेला मुलगा स्वतःची एखादी चूक आकड्यांसह सांगतो, तेव्हा मी हातातले पेन खाली ठेवून ऐकते. आणि ही चूक तर आपल्या धंद्याच्या अगदी मर्मावरची आहे. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा बेचाळीसवर गेला की शेडमधली हवा कोरडी पडते, ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तुटू लागतो, माग थांबतात आणि जॉबर यार्नवाल्याच्या, म्हणजे सूत पुरवणाऱ्याच्या, नावाने बोटे मोडतो. यार्न पुष्कळदा चांगलेच असते. त्याच लॉटचा आपला रिपोर्ट आणि बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट जुळत नाही, तेव्हा महिनाभर पत्रापत्री चालते. त्यामागे नमुन्यातल्या ओलाव्याचा फरक असू शकतो, हे तू स्वतःच्या हाताने अनुभवले आहेस. मुलाखतीत ही गोष्ट दोन मिनिटांत सांग: काम काय होते, तू काय चुकलीस, काय केलेस, आणि हे इथल्या कारखान्यात कुठे उपयोगी पडेल. शेवटचा भाग विसरू नकोस. परदेशातला अनुभव सांगणारी बहुतेक मुले गोष्ट परदेशातच सोडून येतात आणि समोरच्या माणसाला तिचा इथे काय उपयोग, हे त्याचे त्यालाच शोधावे लागते.

आता गुणांविषयी. तू नुसते '१.७' लिहिले आहेस. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला, कारण हा अपराध माझ्या हातून घडलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या अर्जावर २.१ असा आकडा होता. आम्ही तो दहापैकी समजलो, मालक 'दोन पॉइंट?' एवढेच म्हणाले आणि अर्ज बाजूला गेला. जर्मनीत १.० सर्वांत वरचा आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण, हे मला तुझी पहिली गुणपत्रिका आली तेव्हा कळले. तो मुलगा चांगल्या श्रेणीचा होता, आणि दुर्दैव असे की त्याच्या अर्जात ते सांगणारा एक शब्द नव्हता. म्हणून आकड्यापुढेच लिही: '१.७, सर्वोत्तम १.०, उत्तीर्णतेची मर्यादा ४.०.' त्याची स्वतःच्या मनाने टक्केवारी करू नकोस. कोणी विचारले तर मूळ पत्रक दाखवावे. १२० क्रेडिटचा हिशेब एका ओळीत आटप, त्यात खासगी कंपनीला रस नसतो. पुढे सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा इथे पीएचडी करायचे मनात असेल तर पदवीच्या समकक्षतेचे पाहावे लागेल. यूजीसीने त्यासाठी २०२५ साली नवे नियम केले आहेत, ते तू आल्यावर बसून वाचू.

प्रशस्तिपत्राचेही असेच आहे. तिथल्या पत्रात 'सदैव आमच्या पूर्णतम समाधानानुसार' असे लिहिलेले असते तेव्हा ती सर्वांत वरची श्रेणी असते आणि नुसते 'समाधानानुसार' म्हणजे कसेबसे पास, हे तूच मला समजावले होतेस. इथे हे कोणाला ठाऊक असणार? इकडच्या माणसाला दोन्ही वाक्ये सारखीच गोड वाटतात. भाषांतर जोडशील तेव्हा त्याखाली दोन ओळींचे स्पष्टीकरण दे. तिकडच्या रिवाजाप्रमाणे फोटो आणि सही घातलेला बायोडाटाही इथे जसाच्या तसा पाठवू नकोस.

भाषेपुढे तू 'जर्मन: बी-वन' लिहिले आहेस. ज्या कारखान्यात डॉर्निअर या जर्मन कंपनीचे माग आहेत तिथल्या माणसाला बी-वन ही भाषेची मधली पायरी, हा अर्थ लागणार नाही; मशीनचे जर्मन माहितीपुस्तक तू शब्दकोश जवळ ठेवून वाचू शकतेस आणि तिकडच्या सर्व्हिस इंजिनिअरला साधा मेल लिहू शकतेस, असे लिहिले तर तो खुर्चीत पुढे सरकेल. मात्र जे येते तेवढेच लिही, कारण असा माणूस तिथल्या तिथे पुस्तक समोर ठेवायलाही कमी करत नाही.

बेकरीतले काम तू गाळले आहेस. तुझ्या बाबांचे मत तेच आहे, की इंजिनिअर मुलीने पाव रचण्याचे काम कशाला सांगावे. माझे मत उलट आहे. अभ्यास सांभाळून अकरा महिने पहाटे चार वाजता उठून, बर्फातून सायकल चालवत कामावर वेळेवर पोहोचणारी मुलगी पहिल्या पाळीला सातला हजर राहील, याची खात्री कोणत्याही पदवीपेक्षा त्या एका ओळीने पटते. एकच ओळ लिही, तिचे गाणे करू नकोस.

'परत का आलात?' हा प्रश्न येणारच. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी तिथे अठरा महिने राहता येते, हे जाणणारा माणूस तर हटकून विचारेल. मातृभूमीची ओढ वगैरे सांगू नकोस. बाबा तुला डॉक्टर कोटणीसांचा दाखला द्यायला सांगतील. सोलापूरचा मुलगा १९३८ साली चीनला गेला, चिनी भाषा शिकला आणि तिथेच रुग्णसेवा करता करता १९४२ मध्ये गेला, हा आपल्या गावाचा अभिमान खराच, पण परत का आलो हे सांगताना परत न आलेल्या माणसाचा दाखला कसा चालेल, हे मी त्यांना कालच विचारले. ते अजून उत्तर शोधत आहेत. तुझे खरे कारण सरळ आहे: तिथल्या ज्या जागा तुला हव्या होत्या, त्यांना याहून वरच्या पायरीची जर्मन लागत होती, आणि सुती कापडावर काम करायचे तर ते इथेच अधिक आहे. एवढे खरे बोल आणि थांब.

आणखी एक सवय तुझ्या बोलण्यात आली आहे, रागावू नकोस. 'आमच्याकडे जर्मनीत असं नसतं' हे वाक्य गेल्या रविवारी तू तीनदा म्हणालीस. तुझ्या मनात काही नसते, हे मी जाणते. पण तीस वर्षे माग चालवलेल्या माणसाला ते वाक्य आपल्या शेडची झाडाझडती घेतल्यासारखे लागते. त्याऐवजी 'तिथे मी असे पाहिले, इथे तुम्ही कसे करता?' असे विचार. तू शिकलीस ते म्योन्शनग्लाडबाख कुठे आले असे कोणी विचारले, तर ड्युसेलडॉर्फजवळचे, एकेकाळी सूतगिरण्यांवर वाढलेले गाव आहे आणि त्या अर्थाने ते सोलापूरच्या नात्यातले आहे, असे सांग. जुन्या गिरणीच्या गावच्या मुलीला हे सांगताना अडखळायला नको.

येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता, म्हणजे तुझ्या दुपारी दीड वाजता, आमचे वीव्हिंग मास्टर, म्हणजे विणकाम खात्याचे प्रमुख, घरी येणार आहेत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची गडबड आता संपली आहे, त्यामुळे ते निवांत बसतील आणि पुण्याचे लोक मुलाखतीत विचारतील त्याहून तिखट प्रश्न तुला विचारतील. ते अर्धे तेलुगूत बोलतील, तेवढे सांभाळून घे. नवा बायोडाटा शनिवारपर्यंत पाठव, आणि प्रयोगशाळेच्या दारावरच्या त्या तक्त्याचा फोटो कुठे असला तर तोही शोधून ठेव.

तुझी,
आई