पॉइंट टू-टू रायफलच्या सदोष दुरुस्तीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
शस्त्र दुरुस्ती विभाग

विषय: दुरुस्तीनंतर रायफलची अचूकता आणखी बिघडल्याबद्दल तक्रार व भरपाईची मागणी

महोदय,

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी माझी पॉइंट टू-टू (०.२२ इंची) मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, आपल्याकडे दुरुस्तीसाठी दिली होती. जर्मन बनावटीची, अन्शुट्झ कंपनीच्या ५४ ॲक्शनची (बोल्ट बसतो त्या मधल्या यंत्रभागाची) ही रायफल मी एका निवृत्त नेमबाजांकडून रीतसर परवान्यावर घेतली आहे. त्याआधी कित्येक वर्षे ती कोकणातल्या त्यांच्या घरी फोमच्या पेटीत पडून होती आणि फोम ओल धरून ठेवत असल्यामुळे नळीवर बाहेरून गंजाचे ठिपके आले होते, दस्त्याचे पॉलिशही उडाले होते. तरीही रायफल ताब्यात देताना जॉब कार्डवर मी स्वतःच्या हाताने लिहिले होते की दिसणे दुय्यम आहे, अचूकता पूर्ववत करून हवी. आपण १८,५०० रुपयांचे बिल केले, त्यात ‘अचूकता चाचणी’ या नावाखाली ३,५०० रुपये लावले आहेत.

रायफल परत आली तेव्हा ती दिसायला सुंदर होती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. नळीचा निळसर काळा रंग नव्यासारखा आहे आणि दस्त्यावरच्या व्हार्निशमध्ये तोंड दिसते. मात्र दुरुस्तीपूर्वी मी वाळूच्या पिशव्यांवर टेकवून ५० मीटरवर दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांचे पुंजके, घेतले होते, त्यांच्या रुंदीची सरासरी २९ मिलिमीटर होती. दुरुस्तीनंतर त्याच रेंजवर, त्याच लॉटच्या काडतुसांनी ती ४१ मिलिमीटर आली. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. ४१ मिलिमीटरचा ग्रुप म्हणजे नेमबाजाची काहीही चूक नसताना गोळी आठच्या वर्तुळात जाणे.

आपल्या मेकॅनिकने फोनवर मला सांगितले की नळी जुनी झाली आहे, ती झिजली असणार, आणि पॉइंट टू-टूची नळी आतून साफ करायची नसते. दुसरे वाक्य अर्धेच खरे आहे. या काडतुसाची गोळी मऊ शिशाची, बाहेरून मेणासारखे वंगण लावलेली असते, त्यामुळे नळीत वंगणाचा पातळ थर बसलेला असणे चांगले असते आणि उगाच घासत राहणे हानिकारक ठरते. परंतु चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) अगदी पुढे, जिथे गोळीला फिरकी देणाऱ्या खोबण्या सुरू होतात तिथे, जळालेल्या दारूची काजळी, वंगण आणि काडतुसाच्या कडेत भरलेल्या स्फोटक मिश्रणातील काचेची पूड यांचे मिळून एक कडक कडे तयार होते. न जपलेल्या रायफलमध्ये ते हमखास सापडते. मऊ गोळी त्यातून जबरदस्तीने आत शिरताना तिचा आकार बिघडतो. नळी झिजली म्हणावे, तर अशा मऊ आणि कमी वेगाच्या गोळ्यांनी पोलादी नळी सहजासहजी झिजत नाही. बोअरस्कोपमध्ये, म्हणजे नळीच्या आत पाहण्याच्या दुर्बिणीत, मला खोबण्यांच्या कडा शाबूत दिसल्या आणि ते काळे कडे मात्र जसेच्या तसे होते. मी बोल्ट काढून मागच्या बाजूने, मार्गदर्शक नळी लावून सॉल्व्हंट सोडले, अर्धा-अर्धा तास मुरू दिले आणि ब्राँझच्या ब्रशने तीन वेळा साफ केले. साफसफाईनंतर नळीत वंगणाचा थर पुन्हा बसेपर्यंतच्या वीस गोळ्या हिशेबात न धरता घेतलेला ग्रुप ३३ मिलिमीटरवर आला. ज्या एका कामासाठी मी रायफल आपल्याकडे दिली होती, ते काम झालेलेच नव्हते.

दुसरी बाब माझ्या मते अधिक गंभीर आहे, कारण तो दोष आपल्या दुकानात निर्माण झाला आहे. या रायफलची नळी दस्त्याला कुठेही टेकता कामा नये. तुमच्याकडे देण्यापूर्वी नळी आणि दस्ता यांच्यामधून दहा रुपयांची नोट ॲक्शनपर्यंत सरकत असे, आता ती पुढच्याच चार बोटांवर अडकते. आपल्या कारागिराने व्हार्निश केवळ बाहेरून नव्हे, तर नळीच्या खाचेत आणि ॲक्शन जिथे लाकडावर बसते त्या जागांवरही जाड चढवले आहे. परिणामी ॲक्शन एका बाजूला उचलली गेली असून, पट्टा ताणून झोपून नेम धरला की दस्त्याचा ताण थेट नळीवर येतो. टेकवून मारलेला ग्रुप आणि पट्ट्यावर मारलेला ग्रुप यांत वर-खाली पडणारा फरक त्यामुळेच दिसू लागला. सर्व जागांची छायाचित्रे घेतल्यानंतरच मी हे व्हार्निश खरवडले आणि स्क्रू पुन्हा बेताने आवळले, तेव्हा ग्रुप २२ मिलिमीटरवर उतरला. पुढचा मूळ स्क्रूही बदललेला आहे. नवा स्क्रू हलक्या पोलादाचा असून त्याचे डोके आत्ताच चुरले आहे. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) वापरला गेला असता तर असे झाले नसते.

उरलेला दोष मला घरी काढता येणार नाही. नळीच्या तोंडाशी, म्हणजे क्राउनवर, खालच्या उजव्या बाजूला एका खोबणीची कड चेपलेली आहे आणि तिच्याजवळ धातूवर धातू घासल्याची ताजी चमक आहे. गोळीबारानंतर तोंडाभोवती वंगणाची चांदणी उमटते ती त्या बाजूला तुटलेली दिसते. दुरुस्तीपूर्वीच्या माझ्या छायाचित्रांत ही चेप नाही. याचा अर्थ एकच निघतो: जोडाचा पोलादी रॉड पुढून घालून नळी पुसली गेली. गोळी सर्वांत शेवटी ज्या कडेला शिवते तिचेच नुकसान साफसफाईच्या नावाखाली झाले आहे आणि नेमके जिथे साफ करायचे होते तिथे रॉड पोहोचलाच नाही.

‘अचूकता चाचणी’चे लक्ष्यपत्र मी तीन वेळा मागितले. ते मला दाखवलेही गेले नाही, त्यामुळे अशी चाचणी झालीच नाही असे मी समजतो.

तरी माझी विनंती अशी आहे की क्राउन लेथवर नव्याने कापून देण्याचे काम आपण विनामूल्य, माझ्या समक्ष करावे किंवा मी सुचवीन त्या परवानाधारक कार्यशाळेत करून घेऊन तेथील खर्च सोसावा. चाचणीचे ३,५०० रुपये परत करावेत. दस्त्याच्या पॉलिशचे पैसे मी मागत नाही, बाहेरून ते काम चांगले झाले आहे. मूळ स्क्रू आपल्याकडे असल्यास तो परत मिळावा, नसल्यास त्याच मापाचा व दर्जाचा स्क्रू द्यावा. क्राउनचे काम झाल्यावर ५० मीटरवरील दहा गोळ्यांचे किमान तीन ग्रुप, वापरलेल्या काडतुसाच्या नावासह, मला लेखी मिळावेत.

हे पत्र मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करणे मला भाग पडेल. जॉब कार्ड व बिलाची प्रत, दुरुस्तीपूर्वीची व नंतरची लक्ष्यपत्रे आणि बोअरस्कोपची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. परवान्याची कागदपत्रे बरोबर घेऊन रायफल मी स्वतःच आणीन, म्हणून लेथ मोकळे असेल तो दिवस आगाऊ कळवावा. तोवर नळीला पुढून कोणीही हात लावलेला मला चालणार नाही.

आपला,
एक परवानाधारक नेमबाज, पुणे