महामार्गावर स्वतः गाडी दुरुस्त करणाऱ्यांना जागा द्या

संपादक महाशय,

पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून घेतलेली टेम्पो ट्रॅव्हलर किंवा तयार कॅराव्हॅन घेऊन इंदूरहून धुळे, नाशिक, पुण्याकडे जाणारी मराठी कुटुंबे आता अधूनमधून दिसू लागली आहेत. अशा गाडीची बरीचशी दुरुस्ती मालकालाच करावी लागते. रस्त्यावरच्या मेकॅनिकला इंजिनाचे दुखणे कळते, पण आतली दुसरी बॅटरी, इन्व्हर्टर आणि पाण्याचा पंप यांची जोडणी ज्याने केली त्यालाच ती ठाऊक असते. हत्यारे सोबत असतात. तास-दोन तास निर्धास्तपणे काम करता येईल अशी जागा मात्र कुठेही मिळत नाही.

राऊ ओलांडल्यावर गणेश घाट आणि पुढे सेंधव्याजवळ बिजासन घाट लागतो. लांब उतारावर ब्रेक तापतात, अशा वेळी थांबणे भागच असते. खलघाटाच्या अलीकडे आमच्या गाडीचे मागचे चाक बदलताना, जॅकखाली जाड फळी घालूनही तो कडेच्या मुरुमात तिरका होत गेला आणि शेजारून प्रत्येक ट्रक जाताना वर उचललेली गाडी हलत राहिली. पुढच्या ढाब्यावर, ऑइल सांडेल म्हणून मालकाने नकार दिला. पेट्रोल पंपावर हवा-पाणी मिळते, पण दुरुस्ती करू देत नाहीत, आणि तिथे ठिणगीचा धोका असल्याने ते योग्यच आहे. 1033 या क्रमांकावर मदत मागता येते. तथापि गाडी रस्त्यावरून हलवली तरी ती नेऊन उभी कुठे करायची, हा प्रश्न उरतोच.

राष्ट्रीय महामार्गांवर दर 40 ते 60 किलोमीटरवर प्रवासी सुविधा केंद्रे उभारण्याचे सरकारचे धोरण आहे. त्यांत, तसेच सध्याच्या ट्रक थांब्यांवर, एक कोपरा या कामासाठी राखून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जॅक रुतणार नाही अशी सपाट काँक्रीटची जमीन, रात्री दिवा, पाण्याचा नळ आणि चाकांना लावायला लाकडी ठोकळे एवढे पुरे आहे. त्यासाठी वाजवी शुल्क द्यायला कोणी कुरकुर करणार नाही. हा कोपरा उपाहारगृहाच्या भट्टीपासून दूर असावा, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो.

वापरलेल्या ऑइलसाठी झाकणाचे पिंपही तिथे हवेच. 2016 च्या नियमांनुसार हे ऑइल घातक कचऱ्यात मोडते, तरी आज ते कडेच्या नाल्यात ओतले जाताना दिसते, आणि निमाडातले हे नाले शेवटी नर्मदेलाच मिळतात. 2017 पासून स्वच्छतेत देशात अव्वल ठरत आलेल्या इंदूरने तरी याबाबत पुढाकार घ्यावा. 2028 च्या सिंहस्थासाठी याच रस्त्याने असंख्य गाड्या उज्जैनला येतील. त्याआधी निदान राऊ ते सेंधवा या टप्प्यात अशी दोन ठिकाणे सुरू व्हावीत.

आपला नम्र,
एक वाचक, इंदूर