जानेवारीतला एक गुरुवार मला दे

प्रिय मंजू,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. उत्तर टाईप करायला बसले आणि लक्षात आलं की हे चार ओळीत मावणार नाही, म्हणून सरळ पत्रच लिहितेय. आधी आईंचा गुडघा कसा आहे ते कळव, ऑपरेशनचं ठरलं का?

तू विचारलंस की नेदरलँड्समध्ये मी "पोरांना फिल्डला पाठवते" म्हणजे नक्की काय करते. तर इथली मास्टर्सची पोरं फेब्रुवारी ते मे असे साधारण बारा आठवडे दुसऱ्या देशात जाऊन रिसर्च करतात, तिथल्या एखाद्या संस्थेच्या आधाराने. माझ्याकडे केनियाचा ग्रुप असतो, किसुमूच्या आसपास, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. व्हिसा, लसी, मलेरियाच्या गोळ्या, इन्शुरन्स हे सगळं ऑफिस बघतं. परमिशनचं मात्र मी बघते आणि ते किचकट आहे, म्हणजे आधी तिथल्या मान्यता असलेल्या एथिक्स कमिटीची, म्हणजे रिसर्चने कोणाला त्रास होणार नाही ना हे बघणाऱ्या समितीची, मंजुरी, मग नाकोस्टी म्हणून त्यांचा राष्ट्रीय विज्ञान आयोग आहे त्याचं परमिट, ते हातात आलं की काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं असतं त्याच्या, ऑफिसात जाऊन हजेरी, आणि शेवटी गावात चीफला भेटायचं. पोरं वैतागतात. मी त्यांना सांगते की आम्हीसुद्धा संस्थेच्या कामासाठी धडगावला कुठल्या पाड्यावर पोलीस पाटलाला भेटल्याशिवाय वही उघडत नव्हतो, आणि तिथे तर आम्ही आपल्याच जिल्ह्यात होतो.

मंजू, तुला २०११ची ती थिसिससाठी आलेली परदेशी मुलगी आठवते ना? सहा आठवडे आपल्याकडे धडगावला राहिली. तू रोज तिच्याबरोबर, पाड्यावरच्या पावरी बोलीतून मराठी, मराठीतून हिंदी, आणि तिच्या मोडक्या हिंदीला परत पावरीत आणायचं, दिवसाला चार-चार मुलाखती. तुझ्या बचत गटाच्या मीटिंगा राहून गेल्या, जीपचं डिझेल संस्थेच्या बजेटमधून गेलं, आणि रात्री कंदिलापाशी बसून तू तुझे रिपोर्ट भरायचीस. निघताना ती रडली होती, खरंच रडली होती, आपल्यालाही ती आवडायचीच. मग पुढे काहीच आलं नाही. ईमेल नाही, थिसिस नाही. पाड्यावरच्या बाया तुला विचारत राहिल्या, "ती पोरगी आमचं काय लिहून गेली?" आणि तू दोन वर्षं "येईल, येईल" म्हणत राहिलीस. तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता. आता इतकी पोरं जवळून बघितल्यावर वाटतं की जे कळलं ते परत कळवायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम तिच्या युनिव्हर्सिटीचं होतं आणि तेच आता माझं काम आहे, म्हणून मला ते इतकं लागून राहतं.

त्यामुळे विषय पक्का व्हायच्या आधी आम्ही संस्थेशी दोन पानी करार करतो. कोणाच्या टेबलावर बसणार, बोडाबोडाचं म्हणजे तिथल्या मोटरसायकल टॅक्सीचं भाडं कोण देणार, दुभाष्याला दिवसाचे किती आणि ते कोणाच्या खिशातून, माहिती कुठे ठेवणार (केनियात २०१९ पासून डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहे, फोनवर वाट्टेल ते रेकॉर्ड करून आणता येत नाही). आणि सगळ्यात वर एक ओळ मोकळी असते, ती संस्थेने भरायची: तुम्हाला कशाचं उत्तर हवंय? गेल्या वर्षी एकाला हवामानबदलावर काहीतरी मोठं करायचं होतं आणि संस्थेने त्या ओळीत लिहिलं, आमच्या चामातून बाया का सोडून जातात ते शोधा. चामा म्हणजे तिथला बचत गटच गं, अगदी आपल्यासारखा, दर आठवड्याला पैसे, वही, आणि हप्ता चुकला की भांडण. पोरगा दोन आठवडे नाराज होता. पण विषय बदलला त्याने, आणि पावसाने मासेमारी बुडाली की हप्ता थकतो हे त्याला तिथेच सापडलं, म्हणजे त्याचं हवामान त्यात आलंच.

मग प्रश्नावली. दरवर्षी कोणीतरी पहिलाच प्रश्न टाकतं, "तुमच्या कुटुंबात माणसं किती?" किसुमूकडच्या लुओ लोकांत "दाला" म्हणजे सगळी वस्ती, एका कुंपणात नवरा, एकीहून जास्त बायका असतील तर प्रत्येकीचं वेगळं घर, मोठ्या मुलाचं वेगळं. मग कुटुंब कुठलं धरायचं? मी फळ्यावर दाला काढते आणि आपली सर्व्हेची पद्धत सांगते, की आम्ही आधी चुली मोजायचो. चूल वेगळी की खातं वेगळं. हे त्यांना पटकन कळतं.

संमतीपत्राचा सराव मी वर्गातच घेते. मागच्या आठवड्यात मी मासे साफ करणारी बाई झाले. तिथे ओमेना म्हणून बोटाएवढे चंदेरी मासे असतात, काठावर वाळत घालतात. एका मुलीने माझ्यापुढे कागद धरला आणि वाचायला लागली, पूर्ण पान. मी म्हटलं, बाई माझे हात ओले आहेत, खवले चिकटलेत, मी कागद कसा धरू? आणि ऊन वाढायच्या आत मला हे सगळं पसरायचंय. ती गप्प झाली. मग कागद बाजूला ठेवून, खाली बसून, "ओयावोरे", म्हणजे लुओ लोकांचा सकाळचा नमस्कार, म्हणून नीट सांगितलं तिने की मी कोण, कशासाठी आले, नको असेल तर नाही म्हणा, नाव लिहिणार नाही. दीड मिनिट लागलं. इतकं छान वाटलं ना मला, वर्ग संपल्यावर तिला थांबवून सांगितलं.

एक तास फक्त सुरक्षेचा असतो आणि तो जड जातो. जुलिओ रेजेनीचं सांगते त्यांना, केंब्रिजचा पीएचडीचा विद्यार्थी, कैरोत फेरीवाल्यांच्या संघटनांवर काम करत होता, २५ जानेवारी २०१६ला गायब झाला आणि ३ फेब्रुवारीला त्याचा मृतदेह सापडला, अंगावर छळाच्या खुणा होत्या. घाबरवायला नाही सांगत. इथे लायब्ररीत साधा वाटणारा विषय तिथे कोणाला खुपेल हे संस्थेतल्या माणसांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर वाद घालू नका, कारण तुम्ही मे महिन्यात विमानात बसाल पण ते तिथेच राहणार आहेत.

शेवटचा आठवडा आम्ही कॅलेंडरमध्ये कोरा ठेवायला लावतो, मुलाखती बंद. त्या आठवड्यात गावच्या बाराझात, म्हणजे चीफ बोलावतो त्या सभेत, जे कळलं ते किस्वाहिली किंवा ढोलुओत, म्हणजे लुओंच्या भाषेत, सांगून यायचं. मार्च ते मे तिथला मोठा पाऊस, रस्ते चिखलाचे, त्यामुळे हा आठवडा दरवर्षी कोणाचा तरी हुकतो आणि मला फार वाईट वाटतं, मग मी जूनमध्ये मागे लागून ऑनलाईन तरी करायला लावते. दुभाष्याचं नाव, त्याची हरकत नसेल तर, थिसिसमध्ये पहिल्या पानावर येतं. तुझं कुठेच आलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. जानेवारीतल्या एका गुरुवारी तू अर्धा तास माझ्या वर्गात ऑनलाईन येशील का? आमचे दुपारचे अडीच म्हणजे तुझे संध्याकाळचे सात, भाकऱ्या टाकून झाल्या असतील. हिंदीत बोल, मराठीत बोल, मी भाषांतर करीन, यावेळी मी. ते सहा आठवडे तुझ्या बाजूने कसे गेले तेवढंच सांग, आणि बाया काय विचारायच्या ते. मी त्याचे पैसे पाठवणार आहे, युनिव्हर्सिटीचा बाहेरच्या वक्त्याचा रेट आहे, नको म्हणू नकोस. तारीख तू ठरव, आईंच्या ऑपरेशनच्या आधी नको, नंतरच ठेवू.

तुझी,
सुमी

ता.क. नेट गेलं तर फोनवर घेऊ, स्पीकर आहे वर्गात.