नाही म्हणता येत नसेल, तर ती संमती कसली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माहितीच्या गोपनीयतेविषयी आपल्या अंकात अधूनमधून लिहून येते. बहुतेक वेळा सूर असा असतो की लोकच बेफिकीर आहेत, अटी न वाचता 'मान्य' दाबतात आणि मग माहिती फुटली म्हणून ओरडतात. हा दोष लोकांच्या माथी मारणे मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षे एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली. लोखंडी कपाटे, वर्षावार बांधलेले केसपेपरचे गठ्ठे आणि दाराशी एका टेबलावर जाडजूड रजिस्टर. त्यात सहा रकाने होते: तारीख, केसपेपर क्रमांक, नेणाऱ्याचे नाव, कारण, सही आणि परत आल्याची तारीख. 'कारण' हा रकाना भरल्याशिवाय केसपेपर कपाटाबाहेर निघत नसे, मागणारा कितीही मोठा डॉक्टर असो. संध्याकाळी दार लावण्याआधी शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवायचे, मोकळी जागा दिसली की त्या वॉर्डात फोन करायचा, हा माझा रोजचा क्रम.

एकदा दुपारी एक गृहस्थ आले. त्यांच्या हाताखालच्या एका कर्मचाऱ्याने आजारपणाची रजा घेतली होती आणि आजार खरा आहे का, एवढेच त्यांना पाहायचे होते. बोलायला अगदी सभ्य. "दोनच ओळी बघतो, तुमच्यासमोर बघतो," म्हणाले. मी नाही म्हटल्यावर त्यांनी विचारले, "पण त्यात लपवण्यासारखं आहे तरी काय?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही. मी रजिस्टर मिटले आणि उठून उभी राहिले.

तोच प्रश्न आज सगळीकडून ऐकू येतो: चुकीचे काही केले नसेल तर भ्यायचे कशाला? माझ्या कपाटांतल्या हजारो माणसांनी काहीच चुकीचे केलेले नव्हते. कोणाला क्षय होता, कोणाचे मूल पोटातच गेले होते, कोणी एका रात्री झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्या होत्या. डॉक्टरांना त्यांनी हे स्वतःहून सांगितले होते. एकाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट भलत्याच्या हाती पडू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती. गोपनीयता म्हणतात ती हीच. जगाच्या पाठीवर कुठेही गेलात तरी माणसाची याहून वेगळी मागणी नसते.

आता अलीकडचा अनुभव. कान तपासून घ्यायचे होते, म्हणून एका अ‍ॅपवरून वेळ ठरवायला गेले. अ‍ॅपने फोनमधले सगळे संपर्क मागितले, मी कुठे आहे ते मागितले, छायाचित्रे मागितली. मी 'नको' म्हटले की पडदा पुन्हा पहिल्या जागी. तीन वेळा हेच झाले. शेवटी 'मान्य' दाबले, कारण मला कान तपासायचे होते. पंधरवड्याच्या आत श्रवणयंत्रे विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. हे त्याच अ‍ॅपमुळे झाले का, मी सांगू शकत नाही. कोणाला विचारायचे, तेही कळत नाही. माझी माहिती कोणी नेली, कशासाठी नेली आणि ती परत आली का, हे लिहिलेले रजिस्टर मला दिसतच नाही.

आता मला सांगा, मी बेफिकीर होते का?

जगभरच्या कायद्यांनी भिस्त ठेवली आहे ती बहुतांशी याच 'मान्य'वर. माणसाला सूचना द्या, त्याची संमती घ्या, की काम कायदेशीर झाले. संमती ही चांगलीच गोष्ट आहे. शस्त्रक्रियेआधी ती आम्हीही घेत होतो. पण तिथे डॉक्टर समोर बसून समजावत, प्रश्न विचारता येत, आणि नाही म्हटले म्हणून कोणी रुग्णाला दाराबाहेर काढत नसे. फोनवर समोर असते पन्नास पानी वकिली भाषा आणि एक बटण.

कायदे करणाऱ्यांना हे समजत नाही असे नाही. २५ मे २०१८ पासून लागू झालेला युरोपीय संघाचा जीडीपीआर हा माहितीच्या संरक्षणाचा कायदा सांगतो की संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे हवे. सेवेसाठी जी माहिती लागतच नाही तिच्यावर सेवा अडवून धरली असेल, तर अशी संमती खरी मानायची का, याचाही विचार करायला तो लावतो. युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिला की आधीच खूण करून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. कुकीज, म्हणजे आपला माग ठेवायला संकेतस्थळे आपल्या यंत्रात ठेवतात त्या छोट्या नोंदी, स्वीकारायला एक टिचकी आणि नाकारायला अनेक, एवढ्या कारणावरून फ्रान्सच्या नियामकाने २०२२ च्या सुरुवातीला गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. हे वाचून मला फार बरे वाटले. बटणाची जागा आणि आकार ही सजावटीची बाब नाही, त्यावर माणसाचा निर्णय फिरतो, हे कोणीतरी अधिकाराने सांगितले.

तरीही सारा बोजा शेवटी बटण दाबणाऱ्यावरच राहतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, एका टॉर्चच्या अ‍ॅपवर कारवाई केली. फोनचा दिवा लावायचा, एवढेच त्या अ‍ॅपचे काम. ते वापरणारा कुठे आहे आणि त्याच्या फोनची ओळख काय, हे मात्र जाहिरातवाल्यांकडे जात होते. तिथे 'नको' म्हणायचा पर्यायही दिला होता, पण कोणी तो निवडण्याआधीच माहिती निघून गेलेली असे. अंधारात दिवा लावणाऱ्याने अटी वाचायला हव्या होत्या, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? दिवा लावायला माणसाच्या पत्त्याची गरज नसते. मग पत्ता घ्यायलाच बंदी हवी, संमती असो वा नसो.

माझे म्हणणे एवढेच आहे. रेकॉर्ड रूमचा नियम मागणाऱ्याला बांधत होता. कारण सांगण्याची जबाबदारी त्याची होती, रुग्णाची नव्हे. रुग्ण वॉर्डात झोपलेला असायचा, आपला केसपेपर कोणी मागितला हे त्याला कळतही नसे, तरी तो सुरक्षित असे. कायद्याने माणसाला असे निर्धास्त झोपू द्यावे.

ही कल्पना जुनीच आहे. १९७३ मध्ये अमेरिकी सरकारच्या एका सल्लागार समितीने संगणकातल्या नोंदींसाठी पाच तत्त्वे सांगितली. कोणतीही नोंदव्यवस्था गुप्त नसावी आणि एका कामासाठी घेतलेली माहिती संमतीवाचून दुसऱ्या कामाला वापरता येऊ नये, ही त्यातली दोन. पुढे १९८३ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात आपल्या माहितीवर आपला हक्क असतो हे मान्य केले, आणि यंत्रांच्या युगात 'किरकोळ' माहिती अशी उरलेलीच नाही, असे बजावले. तेव्हा आजचे स्मार्टफोन कोणाच्या स्वप्नातही नव्हते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. हक्क मान्य होऊन बसले आहेत. दारावरचे रजिस्टर तेवढे अजून आलेले नाही.

'किरकोळ' माहितीविषयी थोडे अधिक लिहिते, कारण हा विषय माझ्या कामाशी जवळचा आहे. आम्हालाही सांगत की नाव झाकले की झाले, मग कागद कोणालाही द्या. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या. लाटान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरना विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड तिथेच राहत. त्यांची जन्मतारीख असलेले यादीत सहाच जण निघाले, त्यांतले तीन पुरुष, आणि त्यांच्या पिनकोडात राहणारे एकटे वेल्ड. झाले, त्यांच्या उपचारांच्या नोंदी सापडल्या. जन्मतारीख, लिंग, पिनकोड. या तीन गोष्टी आपण कुठलाही अर्ज भरताना विचार न करता लिहितो. तेवढ्यावरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकेकटे ओळखू येऊ शकतात, असा अंदाज स्वीनी यांनी नंतर मांडला. म्हणून 'नाव काढले आहे, काळजी नको' असे कोणी म्हटले की मी विचारते, शेजारी कोणती यादी ठेवणार आहात?

दोन्ही याद्या शेजारी ठेवणे हाच आज धंदा झाला आहे. आपला कधी संबंधही आलेला नसतो असे माहितीचे दलाल आपली खरेदी, वय, प्रवास, आजारपणाचा सुगावा एकत्र करून विकतात. त्यांना आपण कधीच 'मान्य' म्हटलेले नसते. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा केला की नोंदणी झालेल्या सगळ्या दलालांकडची आपली माहिती एकाच अर्जाने पुसायला सांगता आली पाहिजे. हे मला योग्य दिशेचे वाटते, कारण शेकडो दारे ठोठावत फिरण्याचे काम माणसाच्या गळ्यातून काढून घेतले आहे.

सरकारांनाही हाच नियम हवा. कार्पेंटर खटल्यात अमेरिकी पोलिसांनी मोबाइल कंपन्यांच्या नोंदींतून एका माणसाचा १२७ दिवसांतला ठावठिकाणा मिळवला होता: १२,८९८ ठिकाणे, न्यायालयाचे वॉरंट न घेता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की अशा नोंदींसाठी साधारणपणे वॉरंट लागेल. वॉरंट म्हणजे तरी काय, 'कारण' या रकान्यात काहीतरी लिहिणे आणि ते त्रयस्थाने तपासणे.

एवढी बंधने घातली तर संशोधन थांबेल, फसवणूक पकडता येणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. मी तो हलका मानत नाही. आमच्याकडेही संशोधक येत. एकजण तर आठ महिने रोज येऊन बसत होता, आणि त्याने गोळा केलेल्या आकड्यांवरून एका औषधाचा डोस बदलला गेला. त्याला आम्ही केसपेपर देतच होतो. खोलीतच बसून वाचायचे, हवे तेवढेच टिपायचे, सही करून परत द्यायचे. आठ महिन्यांत त्याचे काम कधी अडले नाही.

जाता जाता एक विनंती. आपल्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर गेले की खालून एक पट्टी वर येते. त्यावर 'सर्व स्वीकारा' हे बटण ठळक निळे आहे. 'नको' असे बटणच नाही. बारीक राखाडी अक्षरांतले 'पर्याय पाहा' दाबले, पुढच्या पानावर जाऊन एकेक खूण काढली, की मग नकार पोचतो. मी काल मोजले, अकरा टिचक्या लागल्या. त्या निळ्या बटणाशेजारी तेवढ्याच आकाराचे 'नको' बसवता येईल का, आणि कधीपर्यंत, हे कृपया याच सदरात कळवावे.

आपली नम्र,
एक निवृत्त रेकॉर्ड कीपर