शून्य आणि ‘माहिती नाही’ यांतला फरक शिकवणाऱ्या ताईंस जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

सिंहगड रस्ता परिसरातील आमच्या स्वयंसेवक गटासाठी आपण पावसाळ्यापूर्वी जे रविवार दिलेत, त्याबद्दल आम्ही आपले तोंडी आभार मानलेले आहेत. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपण जे शिकवलेत ते केवळ आमच्या गटापुरते नाही. कोणी बाजारभाव गोळा करते, कोणी पावसाच्या नोंदी, कोणी परीक्षांच्या तारखा. वेबपत्त्यांवरून माहिती आणणारे असे छोटे प्रोग्रॅम पुण्यात घरोघरी चालतात आणि त्या सर्वांना याचा उपयोग होईल. आपले नाव छापू नये ही आपली इच्छा मी पाळत आहे.

आमचे काम काय आहे, ते इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. टेमघर, पानशेत आणि वरसगाव या धरणांचे पाणी खाली खडकवासल्यात येते. चार धरणांची मिळून साठवण सुमारे 29 टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी खुद्द खडकवासल्यात जेमतेम 2 टीएमसी मावते. त्यामुळे वरची धरणे भरली आणि घाटात पाऊस लागून राहिला, की मुठा नदीत विसर्ग, म्हणजे धरणातून सोडले जाणारे पाणी, वाढवण्यावाचून पर्याय उरत नाही. 12 जुलै 1961 च्या पानशेत पुराची आठवण पुण्यात अजून निघते, आणि जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीतील घरांत पाणी शिरले, ते तर आम्ही सर्वांनी पाहिले आहे. म्हणून आमचा प्रोग्रॅम दर तासाला काही सार्वजनिक संकेतस्थळांवरून विसर्गाचे आणि पावसाचे आकडे आणतो, ते एका पानावर मांडतो आणि विसर्ग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की नदीकाठच्या सोसायट्यांना एसएमएस पाठवतो. तो संदेश वेळेवर मिळाला, तर तळमजल्यावरचे आजी-आजोबा वर हलवता येतात आणि पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढता येतात.

अशा कामातली खरी अडचण अशी, की ज्या वेळी आकडा सर्वांत जास्त हवा असतो, नेमकी त्याच वेळी ती पाने उघडत नाहीत, कारण मुसळधार पावसात सारे शहर तीच पाने उघडत असते. आपण पहिल्या भेटीत प्रोग्रॅम चालवूनही पाहिला नाहीत, फक्त विचारलेत, “पत्ता उघडला नाही, तर तुमच्या पानावर लोकांना काय दिसतं?” मग आपण कोड वाचत खाली गेलात आणि एका ओळीवर बोट ठेवलेत. पानात तक्ता सापडला नाही, तर विसर्गाच्या जागी 0 लिहावे, असे त्या ओळीत होते. एखाद्या संकेतस्थळाने ‘देखभालीचे काम सुरू आहे’ असे पान दाखवले आणि सोबत स्टेटस कोड (विनंतीचे काय झाले हे सांगणारा आकडा) मात्र यशाचा, म्हणजे 200 दिला, की प्रोग्रॅमच्या लेखी सारे सुरळीत होते. तक्ता तेवढा नव्हता. धो-धो पावसात नदीकाठच्या माणसाला ‘विसर्ग 0 क्युसेक’ असे दिसणे म्हणजे काय, हे आम्हांला समजावून सांगण्याची आपल्याला गरज पडली नाही. त्या ओळीच्या जागी आपण ‘माहिती उपलब्ध नाही’ ही स्वतंत्र स्थिती आणलीत, आणि माझ्या मते आपल्या साऱ्या मदतीत या बदलाचे मोल सर्वांत मोठे आहे.

त्यानंतर आपण जे समजावलेत, त्याचा गाभा असा की अपयश एकाच जातीचे नसते, आणि कोणते अपयश आले हे कळल्याशिवाय पुढे काय करायचे ते ठरवता येत नाही. जुन्या कोडमध्ये सगळ्या चुका एकाच उघड्या ‘एक्सेप्ट’खाली, म्हणजे कोणतीही चूक पकडणाऱ्या ओळीखाली, झाकलेल्या होत्या, त्यात नेटवर्क तुटल्याची चूक जशी गिळली जायची, तशीच व्हेरिएबलचे नाव चुकल्याचीही, इतकेच काय, कीबोर्डवरून प्रोग्रॅम थांबवण्याची आज्ञासुद्धा. आपण ते झाकण काढून प्रत्येक चुकीला तिची जागा दिलीत. 404 किंवा 410 आला, तर पान तिथे नाही. पुन्हा पुन्हा विचारून ते उगवणार नाही, तेव्हा माणसाला कळवावे. 403 आला, तर आपल्याला मनाई आहे, तिचा मान राखावा. 502, 503, 504 बहुधा तात्पुरते असतात, तिथे थोडे थांबून पुन्हा विचारण्यात अर्थ आहे. 429 म्हणजे आपणच फार वेळा विचारत आहोत. सर्व्हरचे, म्हणजे पाने पुरवणाऱ्या संगणकाचे, नाव सापडले नाही, तर क्षणिक बिघाड असेल किंवा पत्ताच चुकीचा असेल. एक-दोनदा पाहावे आणि सोडून द्यावे. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची अंगभूत ‘यूआरएललिब’ लायब्ररी (तयार कोडचा संच) 404 किंवा 503 आल्यावर स्वतःहून एरर देते, पण ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी आपण ‘रेज फॉर स्टेटस’ ही आज्ञा दिल्याशिवाय तसे करत नाही, हा फरकही आपण दाखवलात. एकातून दुसरीकडे आलेल्या माणसाच्या तो सहज नजरेतून सुटतो.

टाइमआउटबद्दल, म्हणजे वाट पाहण्याच्या मर्यादेबद्दल, आपण जे सांगितलेत, ते मी त्यानंतर अनेकांना सांगितले आहे. मर्यादा घालून दिली नाही, तर ‘रिक्वेस्ट्स’ कितीही वेळ वाट पाहत बसते, आणि तासाला एकदा चालणारा प्रोग्रॅम एका मुक्या सर्व्हरपायी रात्रभर अडकून राहू शकतो. म्हणून जोडणीसाठी 5 सेकंद आणि वाचनासाठी 30 सेकंद, अशा दोन वेगळ्या मर्यादा आपण घातल्यात. पण इतक्यावर न थांबता आपण पुढची गोष्ट दाखवलीत, की वाचनाची ही मर्यादा संपूर्ण उत्तराला लागू नसते. दोन तुकड्यांमध्ये किती वेळ गेला, तेवढेच ती मोजते. भाराखाली दबलेला सर्व्हर दर 20 सेकंदांनी थोडीशी माहिती देत राहिला, तर 30 सेकंदांची मर्यादा कधीच ओलांडली जात नाही आणि पान मात्र कधीच पुरे होत नाही. त्यासाठी एका पत्त्यावर एकूण किती वेळ घालवायचा याची वेगळी मुदत आपण ठेवलीत, आणि ती संपली की प्रोग्रॅम पुढच्या पत्त्याकडे वळतो.

पुन्हा प्रयत्न करण्याच्या रीतीकडे आपण सर्वांत जास्त वेळ दिलात, आणि ते योग्यच होते. पत्ता उघडला नाही की लगेच पुन्हा, आणि पुन्हा, असे करणारा प्रोग्रॅम म्हणजे गर्दीच्या दवाखान्यात दर मिनिटाला उठून ‘माझा नंबर आला का’ विचारणारा माणूस. त्याचा नंबर लवकर येत नाहीच, उलट साऱ्या रांगेला उशीर होतो. आपला मुद्दा असा होता की पुराच्या दिवशी त्या सर्व्हरवर आमच्याहून अधिक निकड असलेली माणसे असतात आणि आमच्या घाईने त्यांची वाट अडता कामा नये. म्हणून थांबण्याचा अवधी दर वेळी दुप्पट: 1 सेकंद, मग 2, मग 4, मग 8. त्यातही थोडा यादृच्छिक फरक, कारण एकाच क्षणी अपयशी ठरलेले अनेक प्रोग्रॅम त्याच हिशेबाने थांबले, तर ते पुन्हा एकाच क्षणी येऊन आदळतात. सर्व्हरने ‘रिट्राय-आफ्टर’ हे हेडर, म्हणजे किती वेळाने पुन्हा विचारावे ही उत्तरासोबतची सूचना, पाठवले असेल, तर आपला हिशेब बाजूला ठेवून त्याचे ऐकावे. ते कधी सेकंदांत असते, तर कधी तारीख-वेळेच्या रूपात, तेव्हा दोन्ही वाचता आले पाहिजे. ‘रिक्वेस्ट्स’ जिच्यावर चालते त्या ‘यूआरएललिब3’ लायब्ररीच्या रिट्राय (पुनर्प्रयत्न) सुविधेत थांबण्याचा गुणक मुळात शून्य असतो, म्हणजे तो स्वतः भरला नाही तर ती न थांबताच प्रयत्न करत सुटते, हेही आपल्यामुळे कळले.

एक बारीक गोष्ट मला विशेष भावली. आमच्या कोडमध्ये बाहेर एक लूप (पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा भाग) होता, जो प्रत्येक पत्ता चार वेळा पाहत असे, आणि आत लायब्ररीलाही तीन पुनर्प्रयत्नांची मुभा होती, म्हणजे मूळ धरून तिथेही चार. आपण कागदावर दोन्ही आकडे लिहून गुणाकार केलात: एका न उघडणाऱ्या पानापोटी 16 विनंत्या. बाहेरचा लूप आपण काढून टाकलात. शिवाय ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या क्रॉनची वेळ तासाच्या ठोक्यावरून हलवून सात मिनिटांनी पुढे नेलीत, कारण ठोक्यावर चालणारे प्रोग्रॅम जगात पुष्कळ आहेत आणि आम्ही त्यांत भर घालण्याचे कारण नव्हते.

एसएमएस पाठवण्याच्या भागाला मात्र आपण पुन्हा प्रयत्न करण्याचा हा नियम लागू होऊ दिला नाहीत. आकडे आणणे ही ‘गेट’, म्हणजे केवळ माहिती मागणारी, विनंती आहे. ती दोनदा गेली तरी कोणाचे काही बिघडत नाही. संदेश पाठवणे ही ‘पोस्ट’, म्हणजे काही घडवून आणणारी, विनंती आहे, आणि तिथे टाइमआउट झाला याचा अर्थ संदेश गेला नाही असा होत नाही. संदेश गेलेला असू शकतो, फक्त पोच परत आलेली नसते. अशा वेळी डोळे मिटून पुन्हा पाठवले, तर मध्यरात्री तोच इशारा दोनदा वाचून लोक पुन्हा घाबरतात, आणि चार वेळा असे झाले की इशाऱ्याकडे पाहणे सोडून देतात. आता प्रत्येक इशाऱ्याला स्वतःचा एक क्रमांक असतो. आमची एसएमएस सेवा तो क्रमांक ओळखत असल्याने दुसरी विनंती गेली, तरी संदेश एकच जातो.

एका संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा पडताळणी बंद करण्याचा सल्ला आम्हांला इतरत्र मिळाला होता. आपण तो ठामपणे नाकारलात. पूरविषयक आकडा कोणाकडून आला याची खात्री नसेल, तर तो न दाखवणेच बरे, हे मला पूर्ण पटले आहे. आणलेली माहिती आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून, तपासून, मगच जुन्या फाइलच्या जागी ठेवण्याची आपली पद्धतही आम्ही कायम ठेवली आहे; त्यामुळे मध्येच वीज गेली, तरी अर्धवट पान लोकांसमोर जात नाही.

आज आमच्या पानावर प्रत्येक आकड्याशेजारी तो कधी मिळाला ती वेळ असते. ताजा आकडा मिळाला नाही, तर जुना आकडा राखाडी रंगात राहतो आणि खाली ‘नवीन नोंद मिळालेली नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असते. सोसायट्यांमधील लोक ते वाचतात आणि राखाडी आकडा दिसला, की थेट फोन करून किंवा पुलावर जाऊन खात्री करून घेतात. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, पत्ता, वेळ, कितवा प्रयत्न आणि अपयशाचे कारण एका ओळीत उतरते, त्यामुळे गटातील कोणीही, प्रोग्रॅमिंग न येणारे सुद्धा, काय बिघडले ते वाचू शकतात. आपल्या हाताखाली शिकलेल्या दोन विद्यार्थिनी आता हा कोड सांभाळत आहेत. पान बदललेले नसेल, तर ते पुन्हा उतरवून न घेता सर्व्हरकडून केवळ 304 (‘बदल नाही’) हे उत्तर घेण्याची सोय त्यांनी स्वतः अभ्यास करून लिहिली आहे. ती आपल्या नजरेखालून जावी अशी त्यांची इच्छा आहे. सवडीचा रविवार कळवलात, तर त्या हिंजवडीला आपल्याकडे येतील, आपण पुन्हा इतक्या लांब येण्याची तसदी घेऊ नये.

आपण एक रुपयाही न घेता, नोकरी सांभाळून, आमच्या प्रत्येक शंकेला शांतपणे उत्तर दिलेत. गटातील सर्वांच्या वतीने आणि नदीकाठच्या सोसायट्यांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक आभार मानतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
सिंहगड रस्ता परिसरातील एक स्वयंसेवक, पुणे